तन्वीरनं भरलेली हवा

गाडी पळणं येगळं आन् जागेवरून उठणं येगळं. पळायला काय, उतार लागला का बैलगाडी बी पळती. पण उभी हाय तिथून, दिवा हिरवा झाला का चाकं न घसरता जी सरळ निघती, ती खरी गाडी. हे मला कोणी शाळेत शिकवलं न्हाई. शाळा मी चौथीतच सोडली. टेंभुर्णी ते जालना काळी-पिवळी जीप चालवता चालवता डोक्याचे केस पांढरे झाले, त्यात जेवढं कळायचं तेवढं कळालं. उरलेलं कळालं रशीदच्या पोराच्या गाडीपायी. ते न कळतं तर बरं झालं असतं.

रशीद आमचा टायरवाला. बसस्टँडच्या बाजूला त्याचं पंक्चरचं दुकान, मागं घर. माझ्या जीपचं एक टायर आसं न्हाई का ज्याला त्याचा हात लागला न्हाई. आता माझी जीप म्हणजे कशी, पासिंग दहाची आन् बसायला वीस. टपावर तुरीची पोती, मागं पायदानावर गडी लटकलेले. आसल्या गाडीला हवा कमी असली का टायर बसतं, तापतं आन् भर रस्त्यात फुटतं. म्हणून रशीदचा एकच कायदा, हवा टणक. हवा भरली का तो टायरवर हातोडी हाणायचा. टणकन् आवाज आला तरच गाडी सोडायचा. कोणी नवीन कारवाला म्हणायचा, "चाचा, जरा कमी टाका, गाडी लई उडून राह्यली." तर रशीद म्हणायचा, "उडू दे. फुटण्यापेक्षा उडलेली बरी."

त्याचा पोरगा तन्वीर. एकच लेकरू. टायराच्या ढिगावरच मोठं झालं. हवा भरायची, हातोडी हाणायची, कान लावून ऐकायचं, हे त्याला चालायच्या आधी येत व्हतं म्हणा ना. पण त्याचा जीव टायरात कमी आन् इंजिनात जास्त. जालन्याला एका जिनिंगच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली एक जुनी काँटेसा सडत पडली व्हती. आत कोंबड्या अंडे घालायच्या. ती त्यानं टोचन करून गावात आणली. सुगराबी भाभीनं, म्हणजे त्याच्या आईनं, दारातूनच म्हणलं, "गाडी लाया के खुराडा लाया?"

दोन वर्षं त्यानं ती गाडी खोलली, जोडली, परत खोलली. इंजिन आसं केलं का सुरू केलं तर बसस्टँडवरचे कुत्रे उठून जायचे. आन् मागच्या साली संक्रांतीनंतर ती घेऊन तो जालन्याला रेसला गेला, मागं जीपमधी मी आन् रशीद.

आता ती रेस काय असती ते सांगतो. जालन्याच्या बाहेर एक बंद पडलेली सूतगिरणी हाय. तिच्या आवारात काँक्रीटचा लांबलचक सरळ रस्ता. पोरं रीतसर परवानगी काढत्यात, दोरी बांधत्यात, अँब्युलन्स उभी करत्यात. दोन गाड्या शेजारी-शेजारी. दिवा हिरवा झाला का चारशे मीटर सुटायचं. वळण न्हाई, ब्रेक न्हाई, काही न्हाई. सगळा खेळ पहिल्या दहा-वीस हाताचा. तिथं उठली ती गेली.

आमची उठली न्हाई.

काँटेसाचा जोर मागच्या चाकाला असतो. तन्वीरनं क्लच सोडला, तर मागची चाकं जागेवरच गरागरा फिरायला लागली. धूर झाला. गाडीचा मागला भाग थयथय उडायला लागला, घोडं टापा हाणतं तसा. शेजारची गाडी पार पुढं गेली तव्हा आमची हालली. पोरं दोरीला लटकून ओरडत व्हती, "लावणी! रशीदचाचाची लावणी!" तन्वीर बी खाली उतरून हसला. कमरेवर हात ठेवून लचकून दाखवलं त्यानं. आसं व्हतं ते पोरगं. पण येताना गाडी दुसऱ्याच्या हाती दिली आन् जीपमधी माझ्या शेजारी बसलं ते टेंभुर्णी येईपर्यंत बोललं न्हाई.

होळीच्या तोंडावर त्याला ताप आला. आधी गावातल्या गोळ्या, मंग जालना, मंग संभाजीनगर. ताप डोक्यात गेला म्हणले. मी जीप घेऊन मागं-मागं गेल्तो. चोवीस वर्षांचं पोरगं, पंजा धरला तर माझा हात भाजला. पाचव्या दिवशी आम्ही त्याला परत आणलं.

त्याच्यानंतर रशीदनं काँटेसा दुकानाच्या बाजूला लोखंडी घोड्यांवर चढवली, चारी चाकं अधांतरी, आन् वरून ताडपत्री टाकली. मला वाटलं, बघवत न्हाई म्हणून झाकली. चाकं कामून उचलली ते मी इचारलं न्हाई. टायर एकाच जागी दबून खराब होतं, टायरवाल्याला ते चालत न्हाई, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

औंदा थंडीत इजहार आला. इजहार म्हणजे तन्वीरचा जिगरी, शहरात मोठ्या टायरच्या दुकानात कामाला. सहज बोलता बोलता म्हणला, "चाचा, संक्रांत के बाद फिर रेस है." रशीद तव्हा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत व्हता. मान बी वर केली न्हाई. म्हणला, "अपनी गाडी लगा दे. नाम तन्वीर का लिख."

इजहार गेल्यावर मी म्हणलं, "येडा झाला का? कोण चालवणार?"

"तू."

"मी? मला आजोबा म्हणत्यात लोकं."

"जीप कोण चालवितंय मंग, तुझा नातू?" रशीद म्हणला. मंग ट्यूब खाली ठेवली. "बद्री, जितायचं-हारायचं मला काही न्हाई. फक्त एकदा ती सरळ निघू दे. लोकं माझ्या लेकराला हसले आन् तेच शेवटचं झालं. आता टेंभुर्णीत कोणी तन्वीर म्हणलं का पुढं लावणी म्हणतं. मला तेवढं पुसायचंय. तू चालव, मी बाहेरून बघतो."

घरी सांगितलं तर माझी बायको साळू म्हणली, "जा. पण हेल्मेट घाला. डोक्यात काही न्हाई, पण वरून तरी शाबूत राहू द्या."

ताडपत्री काढली. जाफराबादकडं जाताना एक नवा रस्ता झालाय. रस्ता झाला, पुढचा पूल झाला न्हाई, म्हणून बंद. आमच्यासाठी बराच. रोज सकाळी तिथं गाडी न्यायची, उठवायची, घसरायची, परत आणायची.

पहिली चूक मला दिसली ती वजनाची. पोरानं गाडी हलकी करायची म्हणून मागची सीट काढली, डिकीतली स्टेपनी काढली, गालिचा काढला. हलकी झाली, पण झाली कुठं, तर मागंच. आन् जोर बी मागच्याच चाकाला. आपण चिखलात जीप फसली का काय करतो? दोन जाडे गडी मागच्या पायदानावर उभे करतो, चाक दबतं, धरतं. मी म्हणलं, "रशीद, मागं वजन पाहिजे." तर त्यानं सीट बसवली, स्टेपनी टाकली आन् जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून जाड पट्ट्या आणून डिकीच्या तळाला नटबोल्टनं आवळल्या. सुट्टं वजन रेसवाले चालू देत न्हाईत.

दुसरी चूक टापांची. जोर पडला का मागचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, पिळायचे आन् सुटायचे, पिळायचे आन् सुटायचे, म्हणून गाडी उडायची. पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला आम्ही लोखंडी चाप आवळले. पिळणं थांबलं.

तिसरं म्हणजे शॉकअप. गाडी उठताना तोंड वर झालं पाहिजे, मंग भार मागं जातो, मागचं चाक दबतं. तन्वीरनं पुढं नवेकोरे कडक शॉकअप टाकलेले, तोंड वर व्हायलाच तयार न्हाई. मी माझ्या जीपचे जुने, मेलेले दोन शॉकअप आणले. बेतानं बसवले. रशीद म्हणला, "ये तो मुर्दा है." मी म्हणलं, "मुर्दाच पाहिजे. जित्यानं काम बिघडवलंय." आन् जीभ चावली मी. त्यानं पान्हा मागितला.

आन् क्लच. पोरं क्लच फेकत्यात. पाय एकदम उचलला का चाकाला धक्का बसतो आन् ते सुटतं. क्लच फेकायचा नसतो. दुधावरची साय उचलावी तसा उचलायचा. हे मला येत व्हतं. वीस माणसं भरून चढ चढणाऱ्याला दुसरं काय येणार?

एवढं सगळं केलं. गाडी पहिल्यापेक्षा बरी झाली. टापा बंद, नाचणं बंद. पण घसरायची. थोडी, पण घसरायचीच. अर्धा सेकंद का काय असंल, मागून सर्रर्र आवाज यायचा आन् माझ्या पाठीला कळायचं का गाडी अजून जागेवरच हाय.

त्या सकाळी मी खाली उतरलो आन् मागच्या टायरकडं बघितलं. मधी एक चकचकीत पट्टा, आन् दोन्ही बाजूच्या कडा धुळीनं माखलेल्या, कोऱ्या. कडा जमिनीला लागतच नव्हत्या. टायर फुग्यासारखं मधल्या पट्ट्यावर उभं. मी कपाळावर हात मारला. पूर्णेच्या वाळूतून केदारखेड्याकडं जीप काढायची असली तर आम्ही काय करतो? हवा सोडतो. टायर पसरतं, वाळूला धरतं. आख्ख्या जिंदगीचं काम आन् दोन हप्ते मला सुचलं न्हाई.

"रशीद," मी म्हणलं, "हवा लई हाय. निम्मी करू. बघ कशी उठती." आन् बसून व्हॉल्वची टोपी फिरवायला लागलो.

त्यानं माझं मनगट धरलं. जोरात. टायरवाल्याचा हात, लोखंडी.

"हात न्हाई लावायचा."

"आरं, हवाच हाय..."

"तन्वीरनं भरलेली हाय ती."

आता मला कळालं घोडे कामून लावले व्हते, ताडपत्री कामून टाकली व्हती. ऊन लागून टायर चिरू नये, वजन पडून ट्यूब दबू नये. मागच्या साली रेसच्या सकाळी दुकानात त्यानं चारी चाकं भरली व्हती. हातोडी हाणून आवाज ऐकला व्हता. त्यानंतर त्या टायरांना कोणी पंप लावला नव्हता.

"कपडे हायत त्याचे," रशीद म्हणला. "तुझ्या भाभीनं धुतले, त्याचा वास गेला. मोबाईल हाय, त्याचा लॉक उघडत न्हाई. हे एवढं हाय, बद्री. त्याच्या हातानं भरलेलं."

मी म्हणलं, "बरं." पण मंग, मला काही पोटात ठेवता येत न्हाई, मी परत म्हणलं, "रशीद, तू टायरवाला हायस. तूच सांग. त्या दिवशी चाळीस भरली व्हती ना? गेज लाव. किती हाय बघ."

त्यानं गेज लावलं न्हाई. म्हणला, "तेहतीस. परवाच बघितलं."

"मंग सात कुठं गेली?"

"गेली," तो म्हणला आन् गाडीत जाऊन बसला.

रशीदच्या घरी आलो तर इजहार आलेला. रेसचं सांगायला. भाभीनं चहा ठेवला. मी इजहारला सहज इचारलं का बाबा, तू तर टायरच्या दुकानात, हवा न उतरवता चाक धरायला काही उपाय हाय का? तो म्हणला, "काका, बाकी सगळं करा, हवा टणक असली का काहीच कामाचं न्हाई." आन् मंग त्यानं कप खाली ठेवला. रशीदकडं बघितलं न्हाई, जमिनीकडं बघून बोलला.

"चाचा, उसको मालूम था."

"किसको?"

"तन्वीर को. मोबाईल पे देखा था उसने. मेरेकू बोला भी, पिछले टायर की हवा उतारनी पडती. लाईनीत गाडी लागली व्हती, त्याच्या हातात काडी व्हती, व्हॉल्वची टोपी काढलेली. मी बाजूलाच व्हतो. तेवढ्यात तुमचा आवाज आला. तुम्ही दोरीजवळ उभे राहून लोकांला सांगत व्हते, 'बघा, चारी टायर टणक! माझ्या पोरानं भरलेत!' त्यानं तुमच्याकडं बघितलं. आन् टोपी परत लावली. मी म्हणलं, अबे, निकाल ना. तर म्हणला, 'रहने दे यार. अब्बा सबको बोल रहे. मैं हवा निकालूं तो उनकी दुकान का क्या रहेगा.'"

रशीद हसला. खरं सांगतो, हसलाच, आन् तसलं हसणं मी परत ऐकलं न्हाई. "मेरी दुकान," म्हणला. "पंक्चर की दुकान. उसकी इज्जत रखा बच्चा." मंग तोंडावर गमजा घेतला आन् मागं भिंतीला टेकला.

मला वाटलं, झालं, आता रेस गेली. इजहारला खुणेनं म्हणलं, जा. पण बोलली ती भाभी. एवढा येळ दारात उभी व्हती, हाताला पीठ.

"बद्रीभाऊ, चारों की निकालनी पडती क्या?"

"न्हाई भाभी. मागच्या दोनच. पुढच्या तर टणकच लागत्यात, तेवढी गाडी हलकी पळती."

"मंग पुढच्या राहू द्या," ती म्हणली. "उसको निकालनी थी ना? निकालते."

"सुगरा," रशीद गमज्याच्या आतून म्हणला, "वो वापस नहीं आती."

"तो रखने से वो कौनसा वापस आनेवाला है," ती म्हणली आन् हात पुसत भाईर आली.

गाडी दुकानापुढं उभी व्हती. सकाळचं कोवळं ऊन. शाळेची पोरं रस्त्यानं चालली व्हती. भाभी मागच्या चाकाजवळ खाली बसली. मी टोपी काढून दिली आन् काडी दिली. "मधली पिन दाबायची, भाभी." तिनं आख्खी जिंदगी टायराच्या दुकानात काढली, पण कधी हवा सोडली नव्हती. काडी दाबली. सुस्स करून हवा निघाली.

तिनं दुसऱ्या हाताचा पंजा पुढं धरला. रबराचा शिळा वास आला. बोटांवर पीठ राह्यलं व्हतं थोडं, ते उडालं.

"कितनी ठंडी है," ती म्हणली. मंग म्हणली, "हात तो उसका तवे जैसा था."

मी तोंड फिरवलं. इजहार तिकडं विजेच्या खांबाला धरून उभा. गेजवर आकडा आला तसं मी म्हणलं, "बस, भाभी." तिनं ऐकलं न्हाई. काडी दाबूनच बसली. परत म्हणलं, "भाभी, बस झाली." मंग रशीद आला, तिच्या शेजारी उकिडवा बसला, तिच्या बोटातून काडी काढून घेतली. टोपी लावली. दुसऱ्या चाकाची हवा त्यानं स्वतः उतरवली. त्यानं पंजा धरला न्हाई. नुसता कान लावून बसला, दुकानात गिऱ्हाइकाचं टायर ऐकत बसायचा तसा.

रेसच्या दिवशी लई गर्दी. संभाजीनगरची, बुलढाण्याची पोरं, गाड्या कशा तर विमानासारख्या. आमची काँटेसा आत शिरली तशी दोरीवरून आवाज आला, "आली रे लावणी!" औंदा ते तन्वीरचं काय झालं हे बऱ्याच जणांना ठाऊक बी नव्हतं. त्यांना गाडी तेवढी आठवत व्हती.

इजहारनं मागच्या चाकांखाली पाणी ओतलं. मी चाकं थोडी फिरवली, धूळ निघाली, रबर गरम झालं. मंग पुढं लाईनीला लागलो. शेजारी एक लाल गाडी, आत दाढी राखलेलं पोरगं. त्यानं माझ्याकडं बघून हेल्मेटमधूनच मान हालवली, आदरानं, म्हाताऱ्याला करत्यात तशी.

रशीद कुठं उभा हाय ते मी आरशात बघितलं न्हाई. मुद्दामच.

दिवा पिवळा. मी इंजिन थोडंच चढवलं. हिरवा. क्लच उचलला, सायीसारखा. गाडीचं तोंड वर झालं, मागून कोणीतरी दोन्ही हातानं पाठीत धक्का द्यावा तसा धक्का बसला, आन् आवाज कसलाच न्हाई. सर्रर्र न्हाई, टाप न्हाई. निघाली. आरं, सरळ निघाली! माझ्या तोंडातून शिवी गेली, आनंदानं. रस्त्याकडच्या पहिल्या झाडापर्यंत लाल गाडी माझ्या मागं व्हती, खोटं सांगत असंल तर जीभ झडू दे. मंग ती गेली पुढं. जायचीच व्हती. आम्ही बराबर हारलो.

परत फिरून आलो तर लोकं लाल गाडीभोवती. आमच्याकडं कोणाचंच ध्यान न्हाई. आमची कशी उठली हे कोणी बघितलंच नव्हतं, हारणाऱ्याचं सुरुवातीचं कोण बघतं? लावणी म्हणणारी पोरं बी पुढच्या गाड्यांकडं वळलेली. ती ना हसली, ना गप झाली. त्यांच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं.

रशीद सुरुवातीच्या रेषेजवळ खाली बसला व्हता. वॉलंटिअर पोरगं त्याला उठा म्हणून राह्यलं व्हतं, पुढची जोडी यायचीय चाचा. तो काँक्रीटवर हात फिरवून बघत व्हता. मागच्या साली तिथं तन्वीरच्या चाकांनी काळेभोर पट्टे उमटले व्हते, चार बोटं रुंद. नंतर पाऊस-पाण्यानं गेले. औंदा काहीच उमटलं नव्हतं.

"साफ गेली, बद्री," तो म्हणला. "निशाण बी न्हाई."

"न्हाई," मी म्हणलं. "आसंच पाहिजे असतं."

"हां," तो म्हणला. "आसंच पाहिजे असतं."

मी त्याला काखेत हात घालून उठवलं. हलका लागला.

सकाळी थंडीत थांबत-थांबत कशीबशी आणली व्हती, पण आता भर उन्हात निम्म्या हवेवर गाडी टेंभुर्णीपर्यंत नेता येत न्हाई, टायर जळून जाईल. तिथं एका टेम्पोवर कॉम्प्रेसर व्हता. इजहार पाइप घेऊन आला आन् उभाच राह्यला. त्याची हिंमत होईना.

"टाक," रशीद म्हणला. "मागच्यात टाक. आता कोणाची बी चालंल."

गाडी परत घोड्यांवर चढली. औंदा ताडपत्री टाकली न्हाई त्यानं. टेंभुर्णीत ती रेस कोणी बघितलेली नव्हती. मी जीपमधी सांगायचा, बाबांनो, सरळ उठली, तर लोकं म्हणायचे, हारली ना मंग? लावणीच म्हणत्यात अजून. रशीदला मी ते सांगत न्हाई, त्याच्या कानावर गेलं का न्हाई ठाऊक न्हाई.

दिवसभर तो दुनियेच्या टायरात हवा भरतो. हातोडी हाणणं सोडलंय. गिऱ्हाइकाला इचारतो, "किती टाकू?" पहिले कधी इचारत नव्हता.

पण सकाळी दुकान उघडायच्या आधी तो काँटेसाच्या पुढच्या चाकाजवळ जातो आन् टायरच्या बाजूला अंगठा दाबून बघतो. आतून भाभी भाकरी थापता थापता इचारती, "है क्या?" तो म्हणतो, "है." रोजचं झालंय. आता ट्यूब किती बी चांगली असू द्या, हवा हळूहळू जातीच. रबराला डोळ्यांना दिसत न्हाईत आसली भोकं असत्यात. हे मला रशीदनंच सांगितलेलं, लई वर्षांपूर्वी, मी त्याला पंक्चर नीट काढलं न्हाई म्हणून शिव्या दिल्या व्हत्या तव्हा.

परवा मी जीप लावून त्याच्या दुकानात बसलो व्हतो. ऊन वर येत व्हतं. तो चाकाजवळ गेला, डाव्या टायरला अंगठा लावला. अंगठा आत गेला, पार रिंगेपर्यंत गेला आन् तिथंच राह्यला. त्यानं उजवं बघितलं. तेही तसंच.

आतून भाकरीचा आवाज थांबला.

"है क्या?"

रशीदनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं बघितलं.

"है," तो म्हणला.